आधी काळी वायर

दसऱ्याला मी गाडी धुतली. टाकीवर हळदीकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. चौथ्या दिवशी सकाळी सव्वानऊला, तो हार हँडलवरच सुकत असताना, मी स्टार्टरचं बटण दाबलं. गाडीने नुसतं 'टक् टक् टक्' केलं आणि मीटरवरचे दिवे मंद होत विझले.

पुढच्या तीन तासांत मी दोन चुका केल्या. आधी भित्रेपणाची, मग आगाऊपणाची. त्या माझ्या एकट्याच्या असत्या तर लिहायचं कारण नव्हतं. पण माझ्या वयाच्या, माझ्यासारखं शिकलेल्या आणि माझ्यासारखीच गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना मी याच दोन चुका करताना पाहतो, आणि त्या दोन्हींना आपण शहाणपणाची नावं दिली आहेत. पहिलीला आपण 'प्रोफेशनल माणसाकडून करून घेणं' म्हणतो, दुसरीला 'जुगाड'. मला दोन्ही नावं मान्य नाहीत.

पहिली चूक. मी सर्व्हिस सेंटरला फोन केला. पलीकडच्या माणसाने गाडी टेम्पोत घालून आणायला सांगितलं. टेम्पो, मजुरी आणि बॅटरी मिळून जो आकडा सांगितला तो बॅटरीच्या छापील किमतीच्या जवळपास दुप्पट होता. मी विचारलं, "मी घरीच बदलली तर?" तो म्हणाला, "सर, आजकालच्या गाड्यांत सगळं इलेक्ट्रॉनिक असतं. ईसीयू उडाला तर आमची जबाबदारी नाही. वॉरंटीपण जाईल." मी घाबरून हो म्हणालो.

आता लाज वाटायची गोष्ट सांगतो. माझ्याकडे इंजिनीअरिंगची डिग्री आहे. फर्स्ट इयरला लेड-अ‍ॅसिड सेलची आकृती मी दोनदा काढली आहे, एकदा जर्नलमध्ये आणि एकदा परीक्षेत. दोन्ही वेळा मार्क मिळाले. जर्नलमधली आकृती मी मित्राच्या जर्नलवरून उतरवली होती, त्याने ती सीनिअरच्या जर्नलवरून उतरवली होती, आणि या सगळ्या साखळीत खरीखुरी बॅटरी उचलून पाहिलेला एकही माणूस नव्हता. चार वर्षांत मी ओहमचा नियम शेकडो वेळा वापरला असेल. पण स्वतःच्या सीटखाली काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि एका अनोळखी माणसाने 'इलेक्ट्रॉनिक' हा शब्द उच्चारताच मी गप्प बसलो.

दुसरी चूक. टेम्पो संध्याकाळी येणार होता. तोवर माझा अहंकार जागा झाला. मी एक रील पाहिलं. त्यात एक मुलगा ढोल-ताशाच्या तालावर चाळीस सेकंदांत बॅटरी बदलतो. मी चौकातल्या दुकानातून नवी बॅटरी आणली, वॉचमन काकांकडून दहा नंबरचा पाना घेतला, सीट काढली, आणि समोर दिसली ती लाल वायर आधी सोडवायला लागलो. पाना बोल्टवर होता. त्याचं दुसरं टोक बाजूच्या फ्रेमला टेकलं.

आवाज फटाक्यासारखा नव्हता, कोरडा 'चट्' असा होता. निळी-पांढरी ठिणगी, जळकट वास, आणि पाना माझ्या हातातून उडून पार्किंगच्या फरशीवर. पान्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी खाच पडली होती. तिथलं पोलाद वितळलं होतं. माझं बोट तिथे असतं तर काय झालं असतं, ते मला सांगायची गरज नाही. काका धावत आले, पाना उचलला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, आधी काळी."

तीन शब्दांचं ज्ञान. फक्त ते का, हे काकांनाही ठाऊक नव्हतं. गावाकडे ट्रॅक्टरवर कुणीतरी त्यांना तसं शिकवलं होतं.

का?

माझं भांडण या 'का'साठी आहे. भीती घालणारा ते सांगत नाही, कारण सांगितलं तर भीती उरत नाही. रीलवाला सांगत नाही, कारण सांगायला चाळीस सेकंद पुरत नाहीत.

तर ऐका. मोटरसायकलच्या बॅटरीला दोन टोकं असतात, धन आणि ऋण. ऋण टोक काळ्या वायरीने गाडीच्या फ्रेमला आणि इंजिनला जोडलेलं असतं. म्हणजे सीटखाली दिसणारी फ्रेमची प्रत्येक उघडी लोखंडी जागा ही विजेच्या हिशेबाने ऋण टोकच. आता तुम्ही लाल वायर आधी सोडवायला घेतली, तर पाना धन टोकावर आहे आणि चारही बाजूंना ऋण टोक पसरलेलं आहे. पाना चुकून कुठेही टेकला की मंडल पूर्ण होतं आणि मध्ये अडवायला काही नसतं. गाडीचा फ्यूजही वाचवत नाही, कारण फ्यूज पुढच्या वायरिंगमध्ये असतो आणि तुमचा पाना त्याच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या तोंडावर.

काळी आधी सोडवली तर? ती सोडवताना पाना फ्रेमला टेकला तरी काही होत नाही, कारण दोन्हीकडे ऋणच आहे. ती सुटली की फ्रेमचा बॅटरीशी संबंध संपला. मग लाल सोडवताना पाना फ्रेमला घासला तरी वीज परत जाणार कुठून? वाटच नाही. जोडताना याच्या उलट: आधी लाल, शेवटी काळी. कारण तेच. लाल आवळताना फ्रेम निर्जीव असली पाहिजे.

बस, एवढंच. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापलीकडचं यात काहीही नाही.

"बारा व्होल्टने काय होतंय?" असं म्हणणारे मला या महिन्यात अनेक भेटले. अर्धं खरं आहे. कोरड्या हाताने दोन्ही टोकं धरली तरी बारा व्होल्टचा शॉक जाणवत नाही. म्हणूनच माणूस बेसावध राहतो. इथे धोका शॉकचा नाही, उष्णतेचा आहे. तुमच्या फोनच्या बॅटरीवर ५००० एमएएच लिहिलेलं असतं, म्हणजे ५ अँपिअर-तास. माझ्या गाडीच्या बॅटरीवर ९ लिहिलंय. वाटतं, दुप्पटही नाही. पण फोनचा सेल पावणेचार व्होल्टच्या आसपास चालतो आणि ही बॅटरी बारावर. गुणाकार करा: फोनमध्ये साधारण १९ वॉट-तास, गाडीत १०८. आणि खरा फरक साठ्यात नाही, ती तो किती झटकन सोडते यात आहे. स्टार्टर मोटर फिरवायला क्षणात भरपूर प्रवाह लागतो, त्यासाठीच ती बनवलेली असते. शॉर्ट झाली तर प्रवाह शेकडो अँपिअरपर्यंत जातो. नुसते २०० अँपिअर धरले तरी बारा गुणिले दोनशे म्हणजे २४०० वॉट. बाथरूममधल्या गिझरएवढी ताकद बॅटरीच्या पोटात आणि पान्याच्या टोकावर उष्णता होऊन बाहेर पडते. हातात कडं किंवा अंगठी असेल आणि तीच या दोन टोकांच्या मध्ये आली, तर ती बोटातच तापते.

दुसरा धोका दिसत नाही. चार्ज होताना, विशेषतः जास्त चार्ज होताना, या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. हवेत तो साधारण ४ टक्के झाला की पेटू शकतो. बंद खोलीत चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी आणि तिच्या तोंडाशी ठिणगी, हे एकत्र येऊ द्यायचं नाही. टर्मिनलला टर्मिनल घासून 'करंट आहे का' ते बघणारे वीर मी पाहिले आहेत. त्यांना एकच विनंती आहे: मल्टिमीटर काही शे रुपयांना मिळतो, डोळे मिळत नाहीत.

तिसरा धोका आम्लाचा. आत सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं. आताच्या सीलबंद बॅटऱ्यांत ते काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, सहज सांडत नाही. जुन्या, झाकणं असलेल्या बॅटऱ्यांत ते डुचमळतं. त्यामुळे बॅटरी उचलायची ती उभीच. त्वचेला लागलं तर भरपूर पाणी. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरून मग थेट दवाखाना. डोळ्यात सोडा वगैरे घालायचा नाही.

मग करायचं कसं

मी आता हे काम तीन गाड्यांवर केलं आहे, एक माझी आणि दोन मित्रांच्या. क्रम असा.

पहिलं काम पाना उचलायचं नाही. बॅटरी खरंच मेली आहे का ते बघायचं. अनेकदा दोष सैल बोल्टचा किंवा टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या भुकटीचा असतो. गाडी बंद असताना, रात्रभर विश्रांतीनंतर, मल्टिमीटर लावा. चांगली, भरलेली बॅटरी १२.६ किंवा थोडं वर दाखवते. बारापेक्षा खाली असेल तर ती रिकामी आहे. आधी नीट चार्ज करून पाहा. चार्ज करूनही टिकत नसेल तरच बदला. नवी आणताना तिचे व्होल्ट, अँपिअर-तास, मापं आणि धन टोक कोणत्या बाजूला आहे, हे चारही जुन्याशी जुळवा. बाजू उलटी असेल तर वायरी पोहोचत नाहीत, आणि ओढून पोहोचवणारा माणूस उलट्या जोडून बसतो. उलट्या जोडल्या की सर्व्हिस सेंटरवाल्याने दाखवलेली भीती खरी ठरते: फ्यूज, रेक्टिफायर, ईसीयू, यातलं काहीही जाऊ शकतं.

गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी, मेन स्टँडवर. किल्ली काढलेली. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी उतरवून खिशात. डोळ्यांवर चष्मा, कुठलाही. आसपास सिगारेट नाही, उदबत्ती नाही. पान्याच्या दांड्याला इन्शुलेशन टेप गुंडाळा, फक्त तोंड उघडं ठेवा. याने पाना एकाच वेळी दोन टोकांना टेकायचा धोकाही कमी होतो. तो धोका क्रम बरोबर असला तरी असतोच. मग फोनने फोटो काढा. हारासकट गाडीचा नाही, वायरींचा.

काळी सोडा, तिचं टोक कापडात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा. मग लालचं टोपण मागे सरकवून लाल सोडा. पट्टा काढा. बॅटरी सरळ वर उचला. जुन्या प्रकारच्या बॅटरीला वाफ बाहेर नेणारी बारीक नळी असेल, तर ती कुठून कुठे जाते तेही फोटोत येऊ द्या. नवी बसवताना ती दुमडली जाता कामा नये. ट्रे पुसून घ्या. वायरींच्या टोकांवर पांढरं साचलं असेल तर पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा आणि कोरडं करा. नवी ठेवा. आधी लाल, तिचं टोपण परत वर, मग काळी. टर्मिनलच्या खाचेतला चौकोनी नट आत घसरत असेल तर त्याच्याखाली कागदाची किंवा स्पंजची घडी सारा, मग बोल्ट धागा पकडतो. शेवटी वरून व्हॅसलीनचा पातळ थर.

गाडी सुरू करा आणि पुन्हा मल्टिमीटर लावा. थोडी रेस दिल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर रोग बॅटरीत नाही, चार्जिंगमध्ये आहे. तो न शोधता बसवलेली नवी बॅटरीही काही दिवसांत जुनीच्या वाटेने जाणार. आता मेकॅनिककडे जा, पण काय विचारायचं हे माहीत असताना जा.

आणि कुठे थांबायचं तेही सांगतो. बॅटरी फुगलेली, तडकलेली, गळणारी असेल तर हात लावू नका. इलेक्ट्रिक स्कूटरची चालवणारी मुख्य लिथियम बॅटरी घरी उघडायची नाही, कितीही रील पाहिले तरी. तो वेगळा प्राणी आहे. कुठलं काम आपलं नाही हे कळण्यासाठीसुद्धा आधी कुठलं आपलं आहे ते कळावं लागतं.

"माझा वेळ जास्त महाग आहे"

ऑफिसात हे सांगितल्यावर आलेला पहिला प्रतिवाद ठरलेला होता. "भावा, तुझ्या एका तासाचा रेट काय? मेकॅनिक त्याच्या दहाव्या हिश्शात करतो. इकॉनॉमिक्स समजून घे."

मी समजून घेतलं. ज्या तासात मी बॅटरी बदलली तो तास मला कुणीही विकत घेणार नव्हतं. तो रविवारचा होता आणि एरवी मी तो स्क्रोल करण्यात घालवला असता. टेम्पोची वाट बघणं, सर्व्हिस सेंटरच्या सोफ्यावर बसणं, 'सर, आणखी अर्धा तास' ऐकणं, हा वेळ त्या हिशेबात कुणीच धरत नाही. पण मुद्दा पैशाचा नाहीच. तसा असता तर आपण गल्लीतल्या मेकॅनिकशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घातली नसती आणि सर्व्हिस सेंटरचं न वाचलेलं बिल मुकाट्याने स्कॅन करून भरलं नसतं. दोन्हीचं कारण एकच: काम काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे आपण कामाची नाही, एसीची किंमत देतो.

दुसरा प्रतिवाद जास्त गंभीर आहे. "सगळे घरीच करायला लागले तर मेकॅनिकने खायचं काय?" हा प्रश्न मी आमच्या गल्लीतल्या मेकॅनिक दादांनाच विचारला. ते हसले. म्हणाले, "दोन बोल्टांवर माझं घर चालत नाही. ज्याला कळतं ना, तो भाव करत नाही. न कळणारंच गिऱ्हाईक म्हणतं, एवढंसं तर केलंत, दीडशे कशाचे?"

तिसरा प्रतिवाद कुणी उघड बोलत नाही, पण माझ्या बहिणीला तो रोज भेटतो. तिची स्कूटर बंद पडली की मेकॅनिक तिच्याशी नाही, शेजारी उभ्या असलेल्या कुठल्याही पुरुषाशी बोलतो. एकदा तो पुरुष रिक्षाची वाट बघणारा अनोळखी माणूस होता. "ताई, तुम्ही सावलीत थांबा." या काळजीचा अर्थ असा की बिलात काय लिहिलंय ते ताईने विचारू नये. दिवाळीच्या आधी तिने स्वतः मल्टिमीटर घेतला. सावलीत थांबवणाऱ्याला ती आता आकडा सांगते.

वॉरंटीचं म्हणाल, तर माझ्या गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल मी तीन वर्षांत पहिल्यांदा उघडलं. बॅटरी कशी काढायची ते त्यात चित्रासकट छापलेलं आहे, पहिली पायरी ऋण टोक. म्हणजे कंपनी छापून सांगते की हे मालकाचं काम आहे, आणि तिच्या नावाचा बोर्ड लावून बसलेला माणूस सांगतो की हात लावलात तर खबरदार. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं आणि मोबाइलबरोबर वाहनंही धरली. चांगलं झालं. पण जो हक्क बजावायला पानासुद्धा उचलावासा वाटत नाही, त्याचं आपण काय करणार?

आणि गंमत बघा. १ एप्रिल २०१७पासून आपल्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असताना कायम चालू असतो. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं; कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, आणि अनेक मॉडेलांची किक गेली. पूर्वी बॅटरी मेली तर किक मारून ऑफिस गाठता यायचं. आता अशा बहुतेक गाड्या मेलेल्या बॅटरीवर धक्का मारूनही सुरू होत नाहीत. जी वस्तू इतकी कळीची झाली, तिच्याबद्दलचं आपलं ज्ञान त्याच काळात 'बटण दाबा'वर येऊन थांबलं.

हात काळे

आता अवघड भाग.

माझे बाबा कुपवाडच्या एमआयडीसीत फिटर होते. आयटीआय झालेले. घरी त्यांचा टूलबॉक्स होता आणि मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. लहानपणी एकदा सायकलची चेन बसवताना हात माखले, तर त्यांनी स्वतः रॉकेलने माझे हात घासले आणि म्हणाले, "हात काळे करायचे असते तर तुला शाळेत कशाला घातलं असतं?"

बाबांच्या त्या वाक्याशी मी भांडू शकत नाही. त्यांनी ते कमावलं होतं. त्यांच्या हातावर मशीनचे डाग होते आणि त्या डागांकडे बघून लोक त्यांना 'अरे-तुरे' करत. पोराला त्यातून बाहेर काढायचं म्हणून ते पान्यापासून लांब ठेवत होते. माझा राग त्यांच्यावर नाही. माझा राग त्या व्यवस्थेवर आहे जिने त्यांना सांगितलं की मान हवा असेल तर पाना सोडावा लागेल. आपल्याकडे काम करणारा हात आणि नोंद करणारा हात वेगळ्या घरांत जन्मतात, आणि शिक्षण म्हणजे पहिल्या घरातून दुसऱ्या घरात जाणं. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, पण हत्यार चालवणाऱ्याला चहा वेगळ्या कपात देणारी घरं मी पाहिली आहेत.

हे असंच असायला हवं होतं असं नाही. आमच्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, आणि त्यांच्या उद्योगाची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली. १९१०मध्ये वाडी वसली. १९२०मध्ये त्या कारखान्यातूनच 'किर्लोस्कर खबर' निघालं, ज्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. मराठी वाचणाऱ्या तीन पिढ्यांनी जे मासिक मिरवलं, ते नांगर ओतणाऱ्या कारखान्याच्या अंगणात जन्मलं होतं. वर्ध्याला १९३७मध्ये गांधींनी हातकामातून शिक्षणाची 'नई तालीम' मांडली. पुणे जिल्ह्यात पाबळला १९८३पासून डॉ. कलबागांचा विज्ञान आश्रम मुलांना वेल्डिंग, वायरिंग, शेती करत करत विज्ञान शिकवतोय. म्हणजे रस्ता माहीत नव्हता असं नाही. आपण त्या रस्त्याला 'अभ्यासात कच्च्या मुलांचा रस्ता' अशी पाटी लावली.

आणि जुनी बॅटरी?

पहिल्या बॅटरीचं मी काय केलं ते सांगितलं नाही, कारण तीच माझी तिसरी चूक. भंगारवाल्याला विकली. दुकानदार नव्या बॅटरीवर जेवढी सूट देत होता त्याहून तो साठ रुपये जास्त देत होता.

ती बॅटरी अडीच-तीन किलोची होती आणि त्या वजनातला मोठा भाग शिसं होतं. शिसं पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतं, आणि नीट कारखान्यात झालं तर हा पुनर्वापराचा फार चांगला नमुना आहे. नीट झालं नाही तर कुणीतरी उघड्यावर कुऱ्हाडीने खोकं फोडतो, आम्ल मातीत ओततो आणि शिसं भट्टीत वितळवतो. तो धूर आणि ती धूळ आसपासच्या पोरांच्या रक्तात जाते. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. ते वाढत्या मेंदूचं जे नुकसान करतं ते भरून येत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२०च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करण्याइतकं आहे, आणि त्याच्या मोठ्या कारणांत अशा बॅटऱ्या फोडणं आहे. आपल्याकडे २०२२चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम उत्पादकावर जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी टाकतात, आणि वापरणाऱ्यावर ती इतर कचऱ्यात न टाकता योग्य जागी देण्याची.

माझ्या साठ रुपयांची किंमत कुणी मोजली असेल, मला माहीत नाही. म्हणून घरी बॅटरी बदलणं 'सुरक्षित' कधी झालं, तर माझी बोटं शाबूत राहिली तेव्हा नाही. जुनी बॅटरी पावती घेऊन दुकानात परत गेली तेव्हा. नंतरच्या दोन तशाच गेल्या.

दिवाळीला बाबा पुण्याला आले. मी उत्साहाने त्यांना पार्किंगमध्ये नेलं, सीट उघडून दाखवली, खाच पडलेला पानाही दाखवला. (काकांना मी नवा घेऊन दिला, हा ठेवून घेतला.) बाबा काही बोलले नाहीत. खिशातून चष्मा काढला, वाकून बघितलं, पाना माझ्या हातातून घेतला आणि काळ्या वायरीचा बोल्ट पाव फेरा सैल केला. "शिसं मऊ असतं. एवढं आवळायचं नाही, धागा जातो." मग हात झटकले. त्यांच्या बोटांना व्हॅसलीन लागलं होतं, ते त्यांनी माझ्या शर्टाला पुसलं.

ही गोष्ट ते मला पंधरा वर्षांपूर्वी सांगू शकले असते. मीही विचारू शकलो असतो.

आज रात्री गाडी लावल्यावर एवढंच करा: सीट उघडा आणि बॅटरी कुठे आहे ते बघा. काळी कोणती, लाल कोणती, लालवर टोपण आहे की निघून गेलंय. पाना उचलू नका. मॅन्युअल शोधा. आणि घरात ज्याच्या हाताला तेल-ग्रीस लागलं आहे असं कुणी असेल, तर ते कसं लागलं ते एकदा विचारा.